वायूचे गणित मांडताना शून्य कोठून मोजावे?

वायूचे नियम शाळेत एका तासात शिकवून होतात आणि परीक्षेत ते बहुतेकांना लिहिताही येतात. परंतु टायरमधील हवेचा किंवा ऑक्सिजनच्या सिलिंडरचा प्रत्यक्ष हिशेब करण्याची वेळ आली की उत्तर हमखास चुकते. ही चूक सहसा सूत्राची नसते. गेजवरचा आकडा आणि थर्मामीटरवरचा आकडा जसाच्या तसा सूत्रात घातला जातो, आणि हे दोन्ही आकडे ज्या शून्यापासून मोजलेले असतात ते शून्य वायूच्या दृष्टीने शून्य नसते. म्हणून या लेखात नियमांची यादी देण्याऐवजी खरे शून्य शोधण्यापासून सुरुवात केली आहे. एक सिरिंज, एक काचेचा चंबू, एक थर्मामीटर आणि दोन मोकळ्या दुपारी एवढी सामग्री त्यासाठी पुरते.

आधी कोणत्या राशी हाताळायच्या ते ठरवावे

बंद भांड्यातील वायूची अवस्था चार राशींनी पूर्ण सांगता येते: त्याचा दाब, त्याचे आकारमान, त्याचे तापमान आणि भांड्यात वायू किती आहे ते. वायूचे रेणू सतत इकडून तिकडे धावत असतात आणि भांड्याच्या भिंतींवर आदळत असतात. त्या असंख्य टकरींचा एकत्रित परिणाम म्हणजे दाब. जागा निम्मी केली की तेच रेणू भिंतीवर दुप्पट वेळा आदळतात. तापमान वाढवले की ते अधिक वेगाने आणि अधिक जोराने आदळतात. रेणूंची संख्या वाढवली तर टकरी वाढणारच. हे चित्र डोळ्यांसमोर असले की कोणती राशी वाढेल आणि कोणती घटेल हे सूत्राशिवाय सांगता येते, आणि प्रत्येक गणिताच्या आधी ते मनाशी सांगून पाहण्याची सवय नवशिक्याने लावून घ्यावी.

चौथ्या राशीकडे, म्हणजे वायूच्या प्रमाणाकडे, सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. भांड्यातून वायू गळत असेल, बाहेर सोडला जात असेल किंवा आत पाण्याची वाफ नव्याने तयार होत असेल, तर 'आधीचा दाब गुणिले आधीचे आकारमान' असे मांडलेले समीकरण निरर्थक ठरते.

दाबाचे शून्य: सिरिंजचा प्रयोग

औषधांच्या दुकानातून २० मिलिलिटरची सुईविरहित सिरिंज आणावी. दट्ट्या २० च्या खुणेवर ओढून घ्यावा आणि पुढचे टोक एम-सीलने पक्के बंद करावे; अंगठ्याने दाबून धरलेले टोक एक किलो वजनाखाली टिकत नाही. एम-सील पूर्ण वाळल्यावर सिरिंज जाड लाकडी फळीला पाडलेल्या भोकात उभी बसवावी, दट्ट्याच्या डोक्यावर छोटी सपाट पट्टी ठेवावी आणि तिच्यावर एकेक किलोची वजने ठेवता येतील अशी व्यवस्था करावी. पाण्याच्या एकेक लिटरच्या बाटल्याही चालतात, मात्र त्या कलंडू नयेत म्हणून दुसऱ्या माणसाने हात आडवा धरलेला बरा.

आता दट्ट्याचे क्षेत्रफळ हवे. त्यासाठी व्यास मोजत बसू नये. ० ते २० या खुणांमधील लांबी पट्टीने मोजावी. ती ६.४ सेंटिमीटर भरली, तर २० भागिले ६.४ म्हणजे सुमारे ३.१ चौरस सेंटिमीटर हे क्षेत्रफळ झाले. एवढ्या क्षेत्रफळावर एक किलो वजन ठेवल्यास त्याचा दाब सुमारे ३१.४ किलोपास्कल होतो. दोन किलोंचा ६२.८ आणि तीन किलोंचा ९४.२.

वाचन घेताना रबराचे घर्षण आडवे येते. प्रत्येक वजनासाठी दट्ट्या थोडा खाली दाबून सोडावा आणि तो जेथे थांबेल ते वाचन घ्यावे. मग थोडा वर ओढून सोडावा आणि दुसरे वाचन घ्यावे. या दोहोंची सरासरी वापरावी. हे टाळले तर वाचने एक-दोन मिलिलिटरने सहज भरकटतात. समजा, एक किलोला १५, दोन किलोंना १२ आणि तीन किलोंना १० मिलिलिटर असे आकडे मिळाले. आता बॉईलचा नियम सांगतो की तापमान आणि वायूचे प्रमाण कायम असेल तर दाब आणि आकारमान यांचा गुणाकार कायम राहतो. गुणाकार करून पाहू: ३१.४ गुणिले १५ म्हणजे ४७१, ६२.८ गुणिले १२ म्हणजे ७५४, ९४.२ गुणिले १० म्हणजे ९४२. आणि वजन नसताना शून्य गुणिले २० म्हणजे शून्य. काहीही कायम नाही.

नियम खोटा नाही. दट्ट्यावर वजनाखेरीज आपल्या डोक्यावरच्या साऱ्या वातावरणाचाही भार आहे आणि तो आपण धरलाच नाही. तो भार अज्ञात मानून समीकरण मांडावे: वातावरणाचा दाब गुणिले २० बरोबर, वातावरणाचा दाब अधिक ३१.४ याला गुणिले १५. उत्तर येते ९४.२ किलोपास्कल. दोन किलोंच्या आणि तीन किलोंच्या वाचनांवरूनही तेच उत्तर येते, आणि वीस-तीस रुपयांच्या वस्तूने आपण आपल्या खोलीतील हवेचा दाब मोजलेला असतो. आता प्रत्येक वजनात हे ९४.२ मिळवून गुणाकार करावेत: चारही वेळा १८८४. वरचे आकडे समजण्यासाठी सोयीचे घेतले आहेत. प्रत्यक्ष वाचने इतकी गुळगुळीत येणार नाहीत, पण पाच टक्क्यांच्या आत जुळली तर प्रयोग उत्तम झाला असे समजावे.

रॉबर्ट बॉईलने १६६२ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली तेव्हा त्यानेही हेच केले होते. एका बाजूने बंद असलेल्या वाकड्या नळीत पारा ओतत जाऊन त्याने कोंडलेली हवा दाबली, आणि पाऱ्याच्या प्रत्येक उंचीत वातावरणापोटी २९ इंचांहून किंचित अधिक उंची मिळवूनच दाबाचा रकाना भरला. तो रकाना वगळला तर बॉईलचा नियम बॉईललाही सापडला नसता.

वातावरणाचा दाब मिळवून येणाऱ्या या दाबाला निरपेक्ष दाब म्हणतात, आणि टायरच्या किंवा सिलिंडरच्या काट्यावर दिसतो तो गेज दाब. वायूच्या सूत्रात निरपेक्ष दाबच घालावा लागतो. वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला सुमारे १०१.३ किलोपास्कल, पुण्याच्या उंचीवर सुमारे ९५ आणि महाबळेश्वरला सुमारे ८६ असतो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे: मोबाईलवरील हवामानाच्या पानावर दिसणारा दाब बहुधा समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला असतो. पुण्यात बसून तेथे १०१० हेक्टोपास्कल (म्हणजे १०१ किलोपास्कल) वाचले, तरी खिडकीबाहेरच्या हवेचा खरा दाब ९५० च्या आसपास असतो. आपल्या सिरिंजने दिलेले उत्तर त्या पानाशी जुळले नाही म्हणून सिरिंजला दोष देऊ नये.

तापमानाचे शून्य: चंबूचा प्रयोग

सेल्सियस मापनातील शून्य हा पाण्याचा गोठणबिंदू आहे; वायूला त्याच्याशी काही देणेघेणे नाही. वायूचे शून्य शोधण्यासाठी २५० मिलिलिटरचा उष्णतारोधक काचेचा शंक्वाकृती चंबू, एका छिद्राचे रबरी बूच आणि ११० अंशांपर्यंत मोजणारा थर्मामीटर घ्यावा. तापाचा थर्मामीटर येथे उपयोगाचा नाही, तो ४२ अंशांच्या आसपास संपतो. चंबू बुचापर्यंत काठोकाठ पाण्याने भरून ते पाणी मोजून ठेवावे. २५० चा चंबू बुचापर्यंत सुमारे ३०० मिलिलिटर धरतो. त्यानंतर चंबू आतून अगदी कोरडा करावा. हा कोरडेपणा वरवरचा शिष्टाचार नाही: ८० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे ४७ किलोपास्कल असतो, म्हणजे आत पाण्याचे थेंब राहिले तर तापवलेल्या चंबूत निम्मी हवा आणि निम्मी वाफ अशी स्थिती होऊ शकते, आणि थंड करताच ती वाफ नाहीशी होऊन सारा हिशेब बिघडतो.

बूच लावून, छिद्र उघडे ठेवून, चंबू मानेपर्यंत ८० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटे दाबून धरावा. छिद्र बंद करून कोणतेही भांडे कधीही तापवू नये. आतली हवा प्रसरण पावून काही भाग छिद्रातून बाहेर जातो, आणि उरलेली हवा ८० अंशांना ३०० मिलिलिटर जागा व्यापते. मग हातमोजा घालून बोटाने छिद्र बंद करावे, चंबू चटकन उचलून २७ अंशांच्या पाण्याच्या बादलीत उलटा बुडवावा आणि पाण्याखालीच बोट काढावे. हवा आकसते आणि तिच्या जागी पाणी आत चढते. काही मिनिटांनी चंबू वर-खाली करून आतल्या व बाहेरच्या पाण्याची पातळी समान करावी, म्हणजे आतला दाब बाहेरच्या दाबाइतका होतो. त्याच स्थितीत छिद्र बंद करून चंबू बाहेर काढावा आणि आत आलेले पाणी मोजावे.

हवा पूर्ण कोरडी राहिली असती तर हे पाणी ४५ मिलिलिटर भरले असते. याचा अर्थ, ५३ अंश थंड झाल्याने ३०० पैकी ४५ मिलिलिटर कमी झाले. त्याच गतीने सर्वच्या सर्व ३०० मिलिलिटर संपण्यासाठी ३५३ अंश खाली जावे लागेल, आणि ८० मधून ३५३ वजा केले की उणे २७३ येते. प्रत्यक्षात कोणताही वायू तेथवर पोहोचण्याआधीच द्रव किंवा घन होतो, पण सरळ रेषा जेथे आकारमानाच्या शून्याला भिडते ते तापमान हेच. अधिक नेमका आकडा उणे २७३.१५ आहे. तेथून मोजलेले तापमान म्हणजे केल्विन तापमान. सेल्सियसमध्ये २७३ मिळवले की ते मिळते. २७ अंश सेल्सियस म्हणजे ३०० केल्विन.

घरी केलेल्या प्रयोगात ४५ ऐवजी ४० मिलिलिटर आले तर उत्तर उणे ३१७ पर्यंत घसरते, आणि तसे होण्याची शक्यता बरीच आहे. बादलीतले पाणी आत चढले की त्याची थोडी वाफ होते. २७ अंशांना तिचा दाब ३.६ किलोपास्कलपर्यंत जाऊ शकतो आणि तेवढी जागा ती अडवते. निराश होण्याचे कारण नाही. गे-ल्युसॅकने १८०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनांत वायू ० ते १०० अंशांत ३७.५ टक्के वाढतात असे आले होते, तर आजचा आकडा ३६.६ च्या जवळ आहे. त्याच्या आकड्यावरून शून्य उणे २६७ च्या आसपास येते. तापमान आणि आकारमान यांचे हे समप्रमाण चार्ल्सचा नियम म्हणून ओळखले जाते, कारण जाक चार्ल्सने ते १७८७ च्या सुमारास पाहिले होते; मात्र त्याने ते छापले नाही, आणि त्याला श्रेय गे-ल्युसॅकनेच दिले. विज्ञानाच्या इतिहासात असा मनाचा मोठेपणा वारंवार आढळत नाही.

एकत्रित सूत्र

दोन्ही शून्ये हाती आली की वेगवेगळे नियम पाठ करण्याची गरज उरत नाही. वायूचे प्रमाण कायम असेल, तर निरपेक्ष दाब गुणिले आकारमान भागिले केल्विन तापमान ही राशी कायम राहते. जी राशी बदलत नाही ती दोन्ही बाजूंनी काढून टाकावी. उरते तो बॉईलचा, चार्ल्सचा किंवा दाब-तापमानाचा नियम. वायू किती आहे हेही हवे असेल तर निरपेक्ष दाब गुणिले आकारमान बरोबर मोलसंख्या (मोल हे वायूचे प्रमाण, म्हणजे रेणूंची संख्या, मोजण्याचे एकक) गुणिले ८.३१४ गुणिले केल्विन तापमान असे मांडावे. दाब किलोपास्कलमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये ठेवले तर हा ८.३१४ जसाच्या तसा चालतो. याच सूत्राने पाहिले तर २७ अंशांना आणि ९५ किलोपास्कलला एक मोल वायू सुमारे २६ लिटर जागा घेतो. पाठ्यपुस्तकातील २२.४ लिटर हा आकडा शून्य अंश आणि समुद्रसपाटीचा दाब यांसाठी आहे. पुण्याच्या प्रयोगशाळेत तो डोळे मिटून वापरणे चूक आहे.

टायर

सकाळी २७ अंशांना गाडीच्या टायरमध्ये गेजवर ३२ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) हवा आहे. द्रुतगती महामार्गावर तासभर धावल्यावर टायरमधील हवा ५७ अंशांना पोहोचली, तर गेज काय दाखवील? प्रथम वातावरणाचे (समुद्रसपाटीला) १४.७ पीएसआय मिळवावेत: ४६.७. तापमान ३०० वरून ३३० केल्विन झाले, म्हणजे दहा टक्के वाढ. टायरचे आकारमान फारसे बदलत नाही असे मानल्यास निरपेक्ष दाब ५१.४ होतो. त्यातून १४.७ वजा केले की गेजवर ३६.७, म्हणजे जवळजवळ ३७. सेल्सियसचेच आकडे वापरणाऱ्याला ६७.६ असे उत्तर येते, ज्यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही. अधिक घातक आहे ती अर्धवट चूक: केल्विन वापरले, पण वातावरण मिळवायचे राहिले, तर उत्तर ३५.२ येते, आणि ते इतके शहाण्यासारखे दिसते की कोणी तपासत नाही.

म्हणूनच टायरची हवा गाडी थंड असताना तपासतात. तापलेल्या टायरवर ३७ दिसले म्हणून हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर उभा असतो. मुंबईहून महाबळेश्वरला गेल्यास तापमान तेच राहिले तरी गेज सुमारे दोन पीएसआय अधिक दाखवील, कारण आतला दाब बदललेला नसून बाहेरचा कमी झालेला असतो.

ऑक्सिजनचा सिलिंडर, जेथे गेजचाच आकडा बरोबर असतो

मोठ्या वैद्यकीय सिलिंडरची आतली जागा सुमारे ४६ लिटर असते आणि तो साधारण १५० बार दाबाने भरतात (एक बार म्हणजे १०० किलोपास्कल, जवळजवळ एका वातावरणाइतका दाब). बॉईलच्या नियमाने ४६ गुणिले १५० म्हणजे सुमारे ६९०० लिटर ऑक्सिजन मिळतो. 'सात हजार लिटरचा जंबो' हे नाव येथूनच आले. काटा १०० बारवर असेल आणि रुग्णाला मिनिटाला ५ लिटर चालू असेल, तर ४६०० भागिले ५ म्हणजे ९२० मिनिटे, सुमारे पंधरा तास. सिलिंडर बदलण्याची तयारी मात्र त्याच्या बऱ्याच आधी ठेवावी, कारण काटे नेहमी अचूक नसतात आणि प्रवाह मध्येच वाढवावा लागू शकतो.

येथे वातावरणाचा दाब मिळवला नाही, आणि ते बरोबरच आहे. आतला दाब बाहेरच्या हवेइतका झाला की वायू बाहेर येणे थांबते आणि शेवटचे ४६ लिटर सिलिंडरमध्येच राहतात. म्हणजे मिळवलेले एक वातावरण पुन्हा वजा होते. आत किती आहे असा प्रश्न असेल तर निरपेक्ष दाब, आणि बाहेर किती येईल असा असेल तर गेज दाब, हा भेद मला स्वतःला बऱ्याच उशिरा नीट उमगला.

जेथे हे सूत्र वापरू नये

रेणूंना स्वतःची जागा असते आणि ते एकमेकांना ओढतात; वरचे सूत्र या दोन्ही गोष्टी विसरते. वातावरणीय दाबाच्या आसपास त्याने काही बिघडत नाही. मात्र सीएनजीच्या टाकीत २०० बारच्या आसपास मिथेनचे रेणू परस्परांच्या इतके जवळ असतात की त्या ओढीमुळे टाकीत सूत्राने सांगितल्यापेक्षा ठळकपणे अधिक वायू मावतो. योहानेस व्हान डेर वाल्सने १८७३ मध्ये या दोन दुरुस्त्या सूत्रात आणल्या आणि १९१० चे नोबेल पारितोषिक त्यासाठी मिळवले.

स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर तर या हिशेबात बसतच नाही. त्यातील १४.२ किलोचा बहुतेक भाग द्रवरूप असतो. वायू वापरला की द्रव उकळून त्याची जागा भरतो, त्यामुळे द्रवाचा शेवटचा थेंब शिल्लक असेपर्यंत दाब तापमानावर अवलंबून राहतो, शिल्लक गॅसवर नाही. दाबाचा काटा लावून किती गॅस उरला हे सांगू पाहणे व्यर्थ आहे. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवावा आणि त्यावर लिहिलेले रिकाम्या सिलिंडरचे वजन वजा करावे.

प्रेशर कुकरचेही तसेच. २७ अंशांना बंद केलेली हवा १२० अंशांपर्यंत तापवली तर तिचा दाब ३९३ भागिले ३००, म्हणजे जेमतेम १.३ पट व्हावा. पण शिट्टी वाजते तेव्हा आतला निरपेक्ष दाब वातावरणाच्या सुमारे दुप्पट असतो. तो दाब कोंडलेल्या हवेचा नसतो, तर तळाच्या पाण्यातून सतत नव्याने तयार होणाऱ्या वाफेचा असतो. कुकरमधले पाणी आटले की सूत्र पुन्हा लागू पडते, पण तोवर डाळ करपलेली असते.